बोट चुकलेला चौदावा संघ

१९३० साली झालेल्या पहिल्या फुटबॉल वर्ल्ड कपचं टेबल फोनवर उघडून बघा. पहिल्या गटात चार संघ दिसतील : अर्जेंटिना, चिली, फ्रान्स आणि मेक्सिको. दुसऱ्या गटात युगोस्लाव्हिया, ब्राझील, बोलिव्हिया असे तीनच. तिसऱ्यात उरुग्वे, रोमानिया, पेरू. चौथ्यात अमेरिका, पॅराग्वे, बेल्जियम. एकूण तेरा.

तेरा हा आकडा विचित्र आहे. आपल्या गल्लीतली बॉक्स क्रिकेटची टुर्नामेंटसुद्धा आठ किंवा सोळा टीम जमेपर्यंत ताटकळते. मग जगातल्या पहिल्या वर्ल्ड कपला तेरा टीम कोणी ठरवल्या? कोणीच नाही. तेरा म्हणजे जेवढे पोहोचले तेवढे.

एक संघ घरून निघाला होता. खेळायला तयार होता, दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. पण भूमध्य समुद्रात वादळ झालं, त्यांची बोट उशिरा पोहोचली आणि पुढची मोठी बोट तोवर सुटून गेली. तो संघ इजिप्तचा. त्या वर्ल्ड कपच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एक तार आली : येऊ शकत नाही, क्षमस्व, अशा अर्थाची.

आज फ्लाइट दोन तास लेट झाली की आपण एअरलाइनला टॅग करून चार शब्द सुनावतो. १९३० मध्ये उशीर झाला की काय होत असे, आणि त्या उशिरातून ‘जग’ या शब्दात कोण बसलं नि कोण बाहेर राहिलं, त्याची ही गोष्ट.

दोन महिन्यांची सुट्टी कोण देणार?

फिफाने १९२८ मध्ये ठरवलं की स्वतःची वेगळी जागतिक स्पर्धा भरवायची. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या बैठकीत यजमानपद उरुग्वेला मिळालं. आकाराने लहानसा देश, लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. पण फुटबॉलमध्ये तेव्हा त्यांचा दरारा होता. १९२४ चं पॅरिस आणि १९२८ चं ॲमस्टरडॅम, दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं त्यांच्याकडे होती. शिवाय १९३० मध्ये देशाच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. हा उत्सव दणक्यात करायचा म्हणून उरुग्वेने सांगितलं, येणाऱ्या संघांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च आमचा, आणि स्पर्धेसाठी नवीन स्टेडियमही आम्ही बांधू.

एवढं सगळं देऊनही युरोप हलेना. यजमानपदासाठी इच्छुक असलेले इटली, स्पेन, हॉलंड, स्वीडन हे देशही आले नाहीत. स्पर्धा दोन महिन्यांवर आली तरी युरोपातल्या एकाही देशाने होकार कळवला नव्हता.

कारण पैशाचं कमी, वेळेचं जास्त होतं. युरोपातून माँटेव्हिडिओला जायला बोटीने साधारण दोन आठवडे लागत. यायला तेवढेच. मध्ये स्पर्धेचे दिवस. म्हणजे जवळजवळ दोन महिने. विमानाचा पर्यायच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात जाँ मेर्मोझ या फ्रेंच वैमानिकाने दक्षिण अटलांटिकवरून टपालाच्या थैल्या उडवत नेल्या होत्या, त्याचंच केवढं कौतुक झालं होतं. पत्रं उडत जाऊ शकत होती, माणसं नाही.

आणि हे खेळाडू आजच्यासारखे करोडपती नव्हते. कोणी कारखान्यात कामाला, कोणी सरकारी नोकर, कोणी विद्यार्थी. फ्रान्सचा गोलकीपर आलेक्स तेपो कस्टम खात्यात होता. लुसियां लॉराँ प्यूजो मोटारीच्या कारखान्यात काम करायचा आणि त्याच कंपनीच्या सोशो क्लबकडून खेळायचा. तुमच्या ऑफिसात जाऊन सांगून बघा, ‘सर, मॅच खेळायला परदेशी चाललोय, ऑगस्टमध्ये येतो.’ काय उत्तर मिळेल?

बुडालेल्या पगाराचा हा प्रश्न तेव्हा इतका नाजूक होता की त्यावरून इंग्लंडसह ब्रिटनच्या चारही फुटबॉल संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या होत्या. खेळण्यासाठी रजा घेतलेल्या खेळाडूला मजुरीची भरपाई द्यायची की नाही, हा तो वाद. हौशी म्हणवणाऱ्याने पैसे घेऊ नयेत, असं ब्रिटिशांचं म्हणणं. ज्यांच्या घरी चूल पगारावर पेटत होती त्यांना हे तत्त्व परवडणारं नव्हतं.

शेवटी फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे कामाला लागले. ते स्वतः फ्रेंच, त्यामुळे फ्रान्सला ‘नाही’ म्हणणं अवघड झालं. तरी फ्रान्सच्या संघाची जबाबदारी नेहमी सांभाळणारे गास्तों बारो यांना नोकरीतून मोकळीक मिळाली नाही, त्यांच्या जागी दुसरे प्रशिक्षक गेले. बेल्जियम तयार झालं. युगोस्लाव्हिया तयार झालं. रोमानियाची कथा तर फिल्मी आहे. तिथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कारोल दुसरा हा राजा परत येऊन गादीवर बसला होता. खेळाडूंना रजा मिळावी म्हणून त्याने मालकांवर दबाव आणला, असं सांगतात. राजाच्या शब्दावर सुट्टी मंजूर झाली.

युरोपातून फक्त चार संघ. बाकीच्यांना राजा मिळाला नाही.

एका बोटीवर चार संघ

‘कोंते वेर्दे’ ही इटालियन प्रवासी बोट ग्लासगोजवळच्या गोदीत बांधलेली होती. नावाचा अर्थ ‘हिरवा सरदार’, इटलीतल्या सव्हॉय घराण्यातल्या एका मध्ययुगीन राज्यकर्त्याचं ते टोपणनाव. जेनोआहून दक्षिण अमेरिकेच्या फेऱ्या करणारी ही ऐटदार बोट. तिच्यावर जेनोआला रोमानियाचा संघ चढला. २१ जूनला दक्षिण फ्रान्समधल्या व्हिलफ्रांश बंदरात फ्रान्सचा संघ चढला. त्यांच्यासोबत रिमे होते आणि रिमेंच्या सामानात वर्ल्ड कपची ट्रॉफी होती. आबेल लाफ्लर या शिल्पकाराने घडवलेली, पंख पसरलेल्या विजयदेवतेची, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली. मग बार्सिलोनाला बेल्जियमचा संघ आला. युरोपातले पंचही याच बोटीवर होते. जिब्राल्टर ओलांडून बोट अटलांटिकमध्ये शिरली. २९ जूनला रिओ दि जानेरोला ब्राझीलचा संघ चढला.

आता हिशेब करा. तेरापैकी चार संघ, पंच, फिफाचे अध्यक्ष आणि खुद्द ट्रॉफी, सगळं एकाच बोटीवर. हिच्या इंजिनात काही बिघाड झाला असता तर? स्पर्धेत नऊ संघ उरले असते आणि जिंकणाऱ्याला द्यायला कपही नसता.

पण बिघाड झाला नाही. लुसियां लॉराँने म्हातारपणी या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या, त्यांत दगदगीचा सूर नाही. हा प्रवास त्याला सुट्टीतल्या शिबिरासारखा वाटला होता. सकाळी डेकवर पळायचं, जिने चढायचे-उतरायचे, थोडा व्यायाम. डावपेचांची चर्चा नाही, फळ्यावर आकृत्या नाहीत. संध्याकाळी गाणं-बजावणं, नकलांचे कार्यक्रम. आपण इतिहास घडवायला चाललोय असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. कारखान्यातल्या मुलाला फुकटात अटलांटिक ओलांडायला मिळतोय, हेच केवढं होतं.

एकमेकांविरुद्ध खेळायला निघालेले संघ एकाच बोटीत जेवत होते, एकाच डेकवर पळत होते. कोणाचा सामना कोणाशी आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, कारण गटांचा ड्रॉ सगळे माँटेव्हिडिओला पोहोचल्यावरच निघणार होता. आणि यात एक शहाणपण होतं. समुद्रावर कोणाचं काय होईल याचा भरवसा नाही, हे आयोजकांना ठाऊक होतं. आधी पोहोचा, मग बघू.

४ जुलैला कोंते वेर्दे माँटेव्हिडिओच्या धक्क्याला लागली. सामने १३ जुलैपासून होते. हाताशी जेमतेम नऊ दिवस.

तार पोहोचली

युगोस्लाव्हियाचा संघ या बोटीवर नव्हता. ते मार्सेयहून ‘फ्लोरिडा’ नावाच्या टपालबोटीने निघाले. त्याच बोटीवर इजिप्तचा संघ त्यांच्यासोबत असणार होता. म्हणजे इजिप्तला आधी भूमध्य समुद्र ओलांडून मार्सेय गाठायचं आणि तिथे बोट बदलायची.

दोन गाड्यांचा प्रवास केलेल्या कोणालाही यातली मेख लगेच कळेल. पहिली गाडी लेट झाली की दुसरी आपल्यासाठी थांबत नाही. समुद्रात वादळ झालं, इजिप्तच्या संघाची बोट रखडली. ते मार्सेयला पोहोचण्याआधी फ्लोरिडा सुटली होती. युगोस्लाव्हिया गेलं, इजिप्त राहिलं.

पुढची बोट पकडायची नाही का? तर अटलांटिकपार जाणाऱ्या बोटी लोकलसारख्या दर चार मिनिटांनी सुटत नव्हत्या. पुढच्या फेरीची वाट बघायची, मग पुन्हा दोन आठवडे समुद्रावर. तोवर तिकडे गटातले सामनेही उरकले असते.

म्हणून तार गेली. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून शब्द काही तासांत दक्षिण अमेरिकेत पोहोचत होते. ज्या समुद्राने माणसांना अडवलं त्याच्या पोटातून माफी मात्र वेळेवर पोहोचली.

हा संघ कोणी लिंबूटिंबू नव्हता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये इजिप्तने तुर्कस्तानला ७-१ आणि पोर्तुगालला २-१ असं हरवून उपांत्य फेरी गाठली होती. तिथे अर्जेंटिनाने त्यांचा ६-० असा धुव्वा उडवला आणि ब्राँझपदकाच्या सामन्यात इटलीने ११-३. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम संघांच्या तुलनेत ते कमी पडत होते, पण जगातल्या पहिल्या चारांत होते. पहिल्या वर्ल्ड कपला आलेल्या युरोपच्या चारपैकी एकाही संघाने त्या ऑलिंपिकमध्ये एवढी मजल मारली नव्हती.

इजिप्त पोहोचलं असतं तर पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये आफ्रिका खंड असता. अरबी बोलणारे खेळाडू असते. ते न पोहोचल्यामुळे ही ‘जागतिक’ स्पर्धा दोन अमेरिकांतले नऊ आणि युरोपातले चार अशी झाली. याच्यामागे कोणाचा कट नव्हता. पण दोन बोटी बदलून यावं लागणाऱ्याला वादळ जास्त महागात पडतं, हे मात्र खरं. फ्रान्सच्या खेळाडूंना आपल्याच देशातल्या बंदरावर थेट बोट मिळत होती.

स्टेडियमही लेट

माँटेव्हिडिओला पोहोचलेल्यांना तिथे काय दिसलं? स्पर्धेसाठी बांधलेलं भव्य ‘एस्तादिओ सेंतेनारिओ’ अजून तयारच नव्हतं. पावसाने काम लांबलं होतं. मजूर रात्रंदिवस राबत होते. त्यामुळे वर्ल्ड कपचे पहिले सामने शहरातल्या दोन लहान मैदानांवर झाले.

१३ जुलैला पोसितोसच्या मैदानावर फ्रान्स आणि मेक्सिको समोरासमोर आले. तिकडे जुलै म्हणजे कडाक्याचा हिवाळा. एकोणिसाव्या मिनिटाला लुसियां लॉराँने गोल मारला. वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल. सहकाऱ्यांनी हात मिळवले आणि सगळे आपापल्या जागी परत गेले. थोड्याच वेळात गोलकीपर तेपो जखमी झाला. बदली खेळाडूची सोय त्या काळात नव्हती. मग शांत्रेल नावाचा मधल्या फळीतला खेळाडू गोलपोस्टमध्ये उभा राहिला आणि फ्रान्सने दहा जणांत ४-१ असा विजय मिळवला.

सेंतेनारिओ उघडलं १८ जुलैला, राज्यघटनेच्या शताब्दीच्याच दिवशी. उरुग्वेने पेरूला १-० ने हरवलं आणि गोल मारला एक्तोर कास्त्रोने. किशोरवयात यांत्रिक करवतीच्या अपघातात त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता.

उशीर आणि गैरहजेरी यांचा खेळ पुढेही चालू राहिला. अर्जेंटिनाचा कर्णधार मानुएल फेरेइरा मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याला नव्हता. कारण? परीक्षा! तो पेपर द्यायला नदीपलीकडे ब्वेनोस आयरिसला परत गेला होता. त्या सामन्यात गिय्येर्मो स्ताबिले या नवख्या खेळाडूला पहिल्यांदा संधी मिळाली. त्याने हॅटट्रिक केली. मग त्याला बाहेर कोण ठेवणार? चार सामन्यांत आठ गोल मारून तो पहिल्या वर्ल्ड कपचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर अर्जेंटिनासाठी तो एकही सामना खेळला नाही. त्याची सगळी आंतरराष्ट्रीय कारकीर्द अकरा-बारा दिवसांची. एकाचा पेपर, दुसऱ्याचं नशीब.

अंतिम सामना ३० जुलैला उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. दोन्ही देशांच्या मध्ये रिओ दे ला प्लाता, समुद्राएवढ्या रुंद मुखाची नदी. ब्वेनोस आयरिसहून हजारो लोक बोटींत बसून निघाले. आणि नदीवर दाट धुकं उतरलं. कित्येक बोटी अडकून पडल्या. सामना संपल्यावर त्यांतले लोक माँटेव्हिडिओला पोहोचले. तोवर उरुग्वे ४-२ असं जिंकलं होतं. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होती, हे त्या धुक्यातल्या लोकांना दोन्ही बातम्या एकदमच कळल्यावर समजलं असणार.

मेलेला माणूस दारात

सगळ्यात उशिरा घरी पोहोचला तो रोमानियाचा आल्फ्रेड आयझेनबाइसर, ज्याला फिएरारू म्हणूनही ओळखत. परतीच्या प्रवासात त्याला न्यूमोनिया झाला. बोट जेनोआला लागली तेव्हा तो इतका खालावला होता की त्याला तिथेच उतरवून इस्पितळात ठेवलं. पाद्री येऊन अखेरचे विधी करून गेला, असं सांगतात. संघ पुढे रोमानियाला गेला. रजेचे दिवस संपले होते, थांबणार कोण?

संघ आला आणि मुलगा आला नाही. गावात बातमी पसरली की तो गेला. आईने त्याच्या मृत्यूनंतरचं सगळं करायला घेतलं. आणि त्याच सुमारास तो स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभा राहिला. आई चक्कर येऊन पडली.

या गोष्टीला सांगून सांगून थोडा मुलामा चढला असेल. पण त्यानंतरचं रेकॉर्डवर आहे. हाच फिएरारू १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडी-नृत्यात, फिगर स्केटिंगमध्ये, रोमानियाकडून उतरला आणि तेरावा आला. १९९१ पर्यंत तो जगला. आज एक व्हॉट्सॲप मेसेज टाकला असता, ‘आई, बरा आहे, उशिरा येतोय’, तर ही गोष्ट घडलीच नसती.

तीच बोट मुंबईत

कोंते वेर्देची गोष्ट माँटेव्हिडिओला संपत नाही. १९३० च्या दशकात तिचा मार्ग बदलला. ती इटलीहून सुएझ कालव्यातून मुंबई आणि पुढे शांघायला जाऊ लागली. नोव्हेंबर १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून युरोपला गेले ते याच बोटीने. ज्या डेकवर सहा वर्षांपूर्वी फ्रान्सचे नि ब्राझीलचे खेळाडू पळत होते, त्याच डेकवर. पुढे नाझींच्या छळाला कंटाळून निघालेले ज्यू निर्वासित याच बोटीने शांघायला पोहोचले. व्हिसाशिवाय आसरा देणाऱ्या अगदी थोड्या शहरांपैकी ते एक होतं. फुटबॉलपटूंना जी बोट सहल वाटली ती यांच्यासाठी जीव वाचवण्याची वाट होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा बोट जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ती शांघायला बुडवली.

मुंबई बंदरात ती बोट नियमित येत होती. मग भारताचं काय?

१९५० च्या ब्राझील वर्ल्ड कपमध्ये भारताला जागा मिळाली होती. आशियातल्या बाकी दावेदारांनी माघार घेतली होती. गटही ठरला होता : इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि भारत. आपण गेलो नाही. अनवाणी खेळायला फिफाने बंदी घातली म्हणून गेलो नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती चटकदार आहे म्हणून टिकली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले आणि फक्त २-१ ने हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. त्यामुळे ही गोष्ट पटकन पटते. पण तेव्हा दिली गेलेली कारणं वेगळी होती : संघनिवडीवरून मतभेद, सरावाला अपुरा वेळ. त्यात भर म्हणजे समुद्रावरचा लांबलचक प्रवास आणि वर्ल्ड कपपेक्षा ऑलिंपिकच मोठं, हा त्या काळचा समज. ब्राझीलचे आयोजक खर्चाचा मोठा भाग उचलायला तयार असूनही घोडं अडलं.

त्याच गटातल्या इटलीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. वर्षभरापूर्वी, मे १९४९ मध्ये, तोरिनो क्लबचा अख्खा संघ सुपेर्गाच्या टेकडीवर विमान कोसळून गेला होता. राष्ट्रीय संघाचे बहुतेक खेळाडू त्यात होते. उरलेल्यांची विमानात बसायची तयारी नव्हती. म्हणून सलग दोन वेळचा विजेता इटली बोटीने ब्राझीलला गेला. दोन आठवड्यांहून जास्त काळ समुद्रावर, धड सराव नाही. पहिलाच सामना ते स्वीडनकडून ३-२ ने हरले आणि गटातूनच बाहेर पडले. त्या गटातली चौथी जागा, आपली, रिकामीच राहिली.

इजिप्तची बोट चुकली. आपण बोटीवर चढलोच नाही. इजिप्तच्या उशिराची निदान एक तार आहे. आपल्या गैरहजेरीवर आपण बुटांची गोष्ट रचून समाधान मानलं.

छप्पन्न वर्षं

इजिप्तला दुसरी संधी चार वर्षांनी मिळाली. १९३४ चा वर्ल्ड कप इटलीत होता. समुद्र तोच, भूमध्य, पण यावेळी पलीकडे बोट बदलायची नव्हती. २७ मे १९३४ ला नेपल्समध्ये इजिप्त हंगेरीविरुद्ध उतरलं. दोन गोलांनी मागे पडल्यावर अब्देलरहमान फौझीने दोन गोल मारून बरोबरी साधली. आफ्रिकेचे वर्ल्ड कपमधले हे पहिले गोल. शेवटी सामना ४-२ असा हरला. बाद फेरीचीच स्पर्धा होती, त्यामुळे एका सामन्यात सगळं संपलं.

त्या वर्ल्ड कपला एक देश आला नाही : खुद्द विजेता उरुग्वे. आमच्याकडे यायला तुम्हाला वेळ नव्हता, आता आम्हालाही नाही, हा त्यांचा राग. आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही विजेत्याने असं केलेलं नाही.

इजिप्त त्यानंतर वर्ल्ड कपमध्ये थेट १९९० ला दिसलं, पुन्हा इटलीतच. मध्ये छप्पन्न वर्षं गेली. आणि १९३४ नंतर आफ्रिकेतला पुढचा संघ, मोरोक्को, यायला १९७० उजाडलं. सगळा दोष एका वादळाचा नाही. महायुद्ध झालं, आणि आफ्रिकेला हक्काची एक जागासुद्धा न देणारे फिफाचे नियम तर होतेच. त्या नियमांच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी १९६६ च्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. वादळ एकदाच आलं. नियम करणाऱ्यांनी मात्र पुढची कित्येक वर्षं दार अर्धवटच उघडं ठेवलं. सुरुवातीलाच घरात असलेल्या माणसाला बाहेर काढायला कारण द्यावं लागतं. जो पहिल्या दिवशी पोहोचलाच नाही, त्याला आत न घेण्यासाठी कारण लागत नाही.

लुसियां लॉराँ ९७ वर्षं जगला. १९९८ मध्ये फ्रान्सने स्वतःच्या घरी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा १९३० च्या त्या फ्रेंच संघातला तो एकटाच हयात होता. पहिला गोल कोणी मारला हे विचारायला जगभरचे पत्रकार त्याच्याकडे येत राहिले. तो बोटीबद्दल सांगायचा, डेकवरच्या धावण्याबद्दल, थंडीबद्दल.

मार्सेयच्या धक्क्यावर उशिरा पोहोचलेल्या इजिप्शियन खेळाडूंकडे असं विचारायला कोणी गेलं नसणार. त्यांनाही सांगण्यासारखं होतं : बॅगा भरल्या होत्या, समुद्र खवळला होता, आणि आम्ही निघालो होतो.